तोंडचं पाणी

वरचा ओठ दाताला चिकटतो म्हणजे काय होतं, हे ज्याच्यावर गुदरलेलं नाही त्याला सांगून पटत नाही. पहिलं गाणं संपलं, टाळ्या पडल्या, मी हसले. हसून झाल्यावर ओठ आपला आपण खाली येतो, त्यासाठी कुणाला काही करावं लागत नाही. त्या दिवशी तो आला नाही. पडद्याची दोरी अर्ध्यावर अडकावी तसा हिरडीवरच अडकून राहिला. पुढच्या रांगेला वाटलं असेल, बाई भलतीच खुशीत आहे. मी आतून जिभेने ओठ सोडवायला बघत होते, तर जीभच टाळूला चिकटत होती. पाण्याची बाटली विंगेत, चौदा पावलांवर. ती मीच तिथे ठेवली होती आणि मध्यंतरापर्यंत तिच्याकडे बघायचंही नाही असं स्वतःला बजावलं होतं.

कारण आमच्या बाई. ज्यांच्याकडे मी गाणं शिकले त्या बाईंच्या मते मंचावर पाणी पिणं म्हणजे पाहुणे आल्यावर घर आवरायला घेणं. जे काय प्यायचं ते आधी पिऊन या. त्यांना स्वतःला आम्ही मंचावर कधी घोटभर पाणी पिताना पाहिलं नव्हतं. दोन-दोन तास गायच्या, शेवटपर्यंत आवाज टवटवीत. मग आम्हीही नाही. विशीत असले नियम पाळायला मजाही येते, आपण काहीतरी कडक करतोय असं वाटतं.

त्या दिवशीचं दुसरं गाणं मी कसं म्हटलं ते आठवत नाही, पण त्याचं रेकॉर्डिंग आहे. सूर ठीक आहेत. शब्दांच्या कडांना मात्र बारीक चट्‌चट् असा आवाज आहे, जीभ टाळूपासून सुटताना येतो तसा. माईकला हा आवाज फार आवडतो, तो अगदी वेचून उचलतो. साउंडवाल्याने नंतर विचारलं, "ताई, तोंडात काही होतं का?"

काहीच नव्हतं, तीच तर पंचाईत होती.

तोंडचं पाणी पळणं हा वाक्प्रचार ज्याने पहिल्यांदा वापरला तो माणूस कधीतरी चारचौघांसमोर उभा राहिलेला असणार. भीती वाटली की शरीर पळायच्या किंवा झुंजायच्या तयारीला लागतं, आणि अशा वेळी पचनाची कामं त्याला बिनमहत्त्वाची वाटतात. लाळ त्यातलीच. एरवी दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ आपण बिनबोभाट तयार करतो आणि गिळतो. मंचावर पाऊल टाकलं की पातळ लाळ आटते, आणि जी थोडी येते ती दाट, चिकट. म्हणजे मला तहान लागलेली नव्हती. सकाळपासून मी पाणी पीतच होते. शरीरात पाणी होतं, तोंडात नव्हतं. ही दोन वेगळी खाती आहेत आणि एकातली शिल्लक दुसऱ्यात लगेच वळवता येत नाही, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. कळलं तेव्हा बाईंचा नियम अर्धा खरा निघाला.

खरा अर्धा असा. आपण गिळलेलं पाणी स्वरतंतूंना लागतच नाही. लागलं तर ठसका. गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं, वरची झडप मिटते, श्वास क्षणभर थांबतो आणि पाणी मागच्या अन्ननलिकेने खाली जातं. स्वरतंतू बसलेत पुढच्या वाटेवर, हवेच्या. मधल्या सप्तकातला, ४४० कंपनांचा सूर एक मिनिट धरला तर ते एकमेकांवर २६,४०० वेळा आपटतात. एवढी आपटाआपटी सोसायची तर त्यांच्यावर ओलसर, पातळ थर लागतो. तो कोरडा पडला की तोच सूर काढायला खालून जास्त हवा रेटावी लागते, आणि गाणाऱ्याला वाटतं, आज आवाज जड आहे. हा थर आतून ओला राहतो. प्यायलेलं पाणी पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात, आणि तिथून आपल्या सवडीने गळ्यापर्यंत. त्या पाण्याला घाई करता येत नाही. कार्यक्रमाआधी पाच मिनिटं घटाघटा प्यायलेलं पाणी गळ्याच्या उपयोगाचं नसतं, ते मध्यंतरातल्या रांगेच्या उपयोगाचं असतं. गळ्यासाठी आदल्या दिवसापासून थोडं थोडं प्यावं आणि दिवसभर लघवीचा रंग फिकट आहे ना एवढं बघावं. वाफेचं गणित वेगळं. वाफ हवेच्याच वाटेने जाते, म्हणून तिथे खरंच पोचते. पण वाफेचं भांडं घेऊन मंचावर कोण बसणार.

उरलेला अर्धा नियम तोंडाबद्दल आहे, आणि तिथे बाईंशी माझं जमत नाही. तोंड आधी भरून ठेवता येत नाही. ते जेव्हा वाळतं तेव्हाच ओलं करावं लागतं, आणि त्याला लागतं किती? चमचा-दोन चमचे. अर्धा घोट घ्यायचा, दातांमागून एकदा फिरवायचा, गिळायचा. झालं. हे एवढंसं काम न केल्यामुळे मी त्या दिवशी पाऊण तास वेडावल्यासारखी हसत उभी होते.

मंच स्वतःही कोरडा असतो, हेही जमेस धरायला हवं. मी गायला लागले तेव्हा वरती ते जाड काचेचे गोल दिवे असायचे, पार ६४ जातीचे. त्यातला एकेक दिवा १००० वॅटचा आणि त्यातली बहुतेक वीज उजेडापेक्षा उष्णतेत जायची. म्हणजे डोक्यावर वीस दिवे म्हणजे वीस हीटर. आता एलईडी आले, ती भट्टी गेली, पण सभागृहाचं एसी हवेतला ओलावा काढून घेतं आणि गाणारा माणूस तोंडाने श्वास घेतो. नाकातून जाणारी हवा वाटेत ओली होते. तोंडातून धाडकन ओढलेली हवा जाता जाता तोंडच वाळवते. सर्दीची गोळी घेऊन गायलात तर बघायलाच नको. वाहतं नाक थांबतं, सोबत तोंडही थांबतं.

तर मी बाटली विंगेतून मंचावर आणली. इथून पुढे माझी खरी फजिती सुरू झाली.

पहिली बाटली साधी, फिरकीच्या झाकणाची. गिटारवाल्याचा तुकडा सुरू झाला, मी जरा मागे सरले, वाकले, झाकण काढलं. हात घामेजलेले. झाकण निसटलं. मंच पुढच्या बाजूला किंचित उतरता होता, हे मला तोवर माहीत नव्हतं. झाकण पडलं, कडेवर उभं राहिलं, आणि निघालं. फार वेगात नाही, अगदी बेतानं, कुणीतरी फिरायला निघावं तसं. मॉनिटरच्या, म्हणजे आमच्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरच्या, कडेने वळलं, माईकच्या वायरवरून टुणकन उडी मारली आणि मंचाच्या टोकाशी जाऊन थबकलं. गिटारवाला त्या वेळी त्याच्या आयुष्यातला सगळ्यात हळुवार तुकडा वाजवत होता असं तो अजून सांगतो. सभागृहातला एकही माणूस त्याच्याकडे बघत नव्हता. तीनेकशे डोळ्यांच्या जोड्या त्या निळ्या झाकणावर. पडणार की नाही? पडलं. टक्. एका लहान मुलाने टाळी वाजवली.

तेव्हापासून मी बाटल्यांच्या बाबतीत चोखंदळ झाले. पातळ प्लास्टिकची बाटली दाबली की कडकड वाजते, आणि शांत गाण्यात ती कडकड तिसऱ्या रांगेपर्यंत पोचते. स्टीलची जड बाटली खाली ठेवताना लाकडी फळ्यांवर घुमते. वर खेचायच्या बोंडीची बाटली पिऊन झाल्यावर हवा आत ओढते आणि 'सूंऽ' करते. पेला तर नकोच. तो उघडा, कुणाच्या तरी पायाशी, आणि आजूबाजूला विजेच्या वायरी, मल्टिप्लग, गिटारवाल्याच्या पायाखालची पेटी. एक लाथ लागली की त्या संध्याकाळचा निकाल. शेवटी मी झाकणाला जोडलेली स्ट्रॉ असणारी, मऊ बुडाची बाटली घेतली. स्ट्रॉचे दोन फायदे. मान मागे टाकावी लागत नाही, म्हणजे सभागृहाला माझ्या नाकपुड्या दिसत नाहीत. आणि लिपस्टिक जागेवर राहते. संगीत नाटकांच्या विंगेत पोशाखवाल्या मंडळींच्या हातात स्ट्रॉवाल्या बाटल्या दिसतात त्या याचसाठी. नट धावत आत येतो, एक घोट ओढतो, दुसऱ्या बाजूने पुन्हा उजेडात जातो.

बाटलीत काय असावं यावर गाणाऱ्यांची मतं फार आणि ती तावातावाची. मी साधं, कोमट नाही नि गार नाही असं पाणी ठेवते. गोड पेयं तोंडात पुन्हा चिकटपणा आणतात, फसफसणारी पेयं ओळीच्या मधोमध ढेकर देतात. याहून जास्त त्यात काही नाही.

बाटलीपेक्षा अवघड होती वेळ. लोकांना वाटतं, गाणं संपलं की प्यायचं. पण गाणं संपल्यावर सगळ्यांचे डोळे तुमच्यावरच असतात, टाळ्या तुमच्यासाठी असतात, आणि त्या वेळी बाटलीकडे वळणं म्हणजे बोलणाऱ्याकडे पाठ फिरवणं. शिवाय दोन गाण्यांच्या मध्ये मी बोलते, आणि बोलताना तोंड गाण्याइतकंच लागतं. मी काही कार्यक्रमांची रेकॉर्डिंग आवाज बंद करून पाहिली. (हा प्रयोग प्रत्येक गाणाऱ्याने एकदा करावा. अहंकाराला बरं असतं.) माझं पिणं कुठे दिसतंय ते शोधत होते. जिथे मी चोरून प्यायले होते, पाठ करून, खांदे आवळून, तिथे प्रत्येक वेळी नजर माझ्याकडेच जात होती. मंचावर पाठ फिरवलेला माणूस काहीतरी लपवतोय हे शेवटच्या रांगेलाही कळतं. आणि जिथे दुसऱ्याचा तुकडा रंगला होता, मी त्याच्याकडे तोंड करून उभी होते, मान डोलावत होते आणि डोलवता डोलवता एक घोट घेतला होता, तो घोट मलाच दुसऱ्यांदा पाहताना सापडला. लोक तुमचे हात बघत नाहीत. तुम्ही कुठे बघताय तिकडे ते बघतात. मी वाजवणाऱ्याकडे बघितलं की ते वाजवणाऱ्याकडे बघतात.

मग मी वहीत खुणा करायला लागले. गाण्याच्या शब्दांशेजारी पेन्सिलीने एक छोटा गोल, म्हणजे इथे घोट. वाचायला सोपं, बसवायला कठीण. सोळा मात्रांचा तुकडा असेल तर पहिल्या चार मात्रा वाजवणाऱ्याला द्यायच्या, त्याच्याकडे वळायचं. पुढच्या चारात हात बाटलीकडे. दोन मात्रांत घोट. उरलेल्या सहा मात्रांत बाटली खाली, माईककडे, आणि एक पूर्ण श्वास. या शेवटच्या सहा मात्रांवर मी अडून बसते, कारण एकदा मी त्या तीनवर आणल्या होत्या. आठ मात्रांच्या तुकड्यात घोट कोंबला, गिळता गिळता श्वास घेतला आणि पाणी चुकीच्या वाटेला लागलं. ठसका लागलेला माणूस गाऊ शकत नाही, एवढंच काय, गाऊ शकत नाही हे सांगूही शकत नाही. डोळ्यांत पाणी, नाकात पाणी. तोंडात मात्र तेव्हाही नव्हतं! कीबोर्डवाल्याने तोच तुकडा पुन्हा वाजवला, मग पुन्हा, मग तिसऱ्यांदा जरा नटवून. कार्यक्रमानंतर एका रसिकांनी आवर्जून सांगितलं की त्या गाण्यातली मधली जागा फार सुंदर लांबवलीत. मी कीबोर्डवाल्याकडे बोट दाखवलं.

आठ मात्रांत गोल काढायचा नाही. तिथे दुसरे उपाय. जिभेची कड दाढांमध्ये हलकेच दाबली की लाळ येते, बाहेरून काही दिसत नाही. लिंबाची फोड डोळ्यांसमोर आणली तरी चालतं. तोंडाला पाणी सुटणं हे पळण्याइतकंच बिनविचारी आहे. पितळी वाद्यं वाजवणाऱ्यांच्या समोर बसून लिंबू चोखायचं, म्हणजे त्यांना लाळ सुटून फुंकता येत नाही, ही जुनी खोडी सगळ्यांनी ऐकलेली असते. मला मात्र ती ऐकून प्रत्येक वेळी वाटतं, असं एक खोडकर पोर माझ्या पहिल्या रांगेत का नसतं?

फुंकणाऱ्यांचं दुःख आणखी निराळं. ट्रम्पेटवाला मधूनच वाद्याची चावी दाबून पाणी गाळतो, आणि लोक नाक मुरडतात, थुंकी म्हणून. ती बहुतेक थुंकी नसतेच. फुप्फुसातून आलेली ऊबदार, ओली हवा गार धातूला लागते आणि तिचं पाणी होतं. त्याच्या अंगातलं पाणी असं समोर जमिनीवर गळत असतं आणि त्याला मात्र प्यायची सोय नाही. ओबो हे सनईच्या जातीचं पाश्चात्त्य वाद्य, ते वाजवणाऱ्याचं पाहिलं तेव्हा मला हसूच आलं. त्याच्या वाद्याची वेताची दुहेरी पत्ती ओली असल्याशिवाय नीट बोलत नाही, म्हणून त्याच्या स्टँडजवळ पाण्याची चिमुकली डबी असते, पुष्कळदा जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची. त्यात पत्ती निवांत डुंबते. सगळ्यांसमोर, उजळ माथ्याने. ओबो वाजवणाऱ्या एका मित्राला मी विचारलं, "आणि तू काय पितोस?" तो म्हणाला, "मी घरी जाऊन पितो."

समूहात गाणाऱ्यांना तर बाटली ठेवायलाही जागा नसते. पायऱ्यांवर दाटीने उभे, हातात फाइल, पुढे-मागे खांदे. पण त्यांना एक सवलत आहे जी एकट्या गाणाऱ्याला नाही. शेजारी गातोय तोवर आपण एक शब्द सोडून देऊ शकतो. श्वास ते असाच आळीपाळीने घेतात, तोंडही तसंच ओलं करून घेतात. एकटं गाणाऱ्याचा शब्द सुटला की सुटला.

या सगळ्या लपवालपवीत मला हेवा वाटतो तो लुचानो पाव्हारोत्ती या इटालियन ऑपेरा गायकाचा. १९७३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या एका कॉलेजात त्याचा एकट्याच्या गाण्याचा कार्यक्रम होता. अंगात रेंगाळणारी सर्दी, त्यात धाकधूक, घाम फुटलेला. त्याने हातात रुमाल धरला आणि तो कार्यक्रमभर सोडलाच नाही. पुढे तो रुमाल त्याची ओळखच झाला. घाम पुसायचा तर एवढा मोठा कपडा, एवढा उघड. मी मनातल्या मनात माझ्या निळ्या झाकणाच्या जागी तो रुमाल घसरताना बघते. त्याने तो इतक्या झोकात उचलला असता की लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या.

अतिरेकही करून झाला आहे, सांगून टाकते. घोटाच्या खुणा साधायला लागल्यावर मला त्याचा नादच लागला. दीड तासात चोवीस गोल. बाटली रिकामी, मूत्राशय भरलेलं, आणि पुढे सगळ्यात लांब गाणं. ते त्या दिवशी ठरल्यापेक्षा पुष्कळ जलद झालं. आता एका कार्यक्रमात सात-आठ गोल, जास्त नाहीत. त्यातले दोन-तीन खरं तर तोंडासाठी नसतातच. हात कुठे ठेवावा कळत नाही तेव्हा बाटली बरी पडते.

बाईंकडे मी हे कधी बोलले नव्हते. त्यांनी गाणं थांबवून आता बरीच वर्षं झाली. मध्ये भेटायला गेले तेव्हा एका जुन्या रचनेचे शब्द हवे होते म्हणून त्यांनी आपली वही काढून दिली. कडा पिवळ्या पडलेल्या, बांधणी सुटलेली. मी पानं उलटत होते. शब्दांच्या मध्ये मध्ये पेन्सिलीच्या बारीक फुल्या होत्या. श्वासाच्या जागा म्हणाव्यात तर श्वासाला त्या स्वल्पविराम देत असत, आम्हालाही तसंच शिकवलं होतं.

"बाई, या फुल्या कसल्या?"

त्यांनी चष्मा लावला, वही लांब धरली.

"आवंढा," म्हणाल्या. "तिथे मी आवंढा गिळायचे. नाहीतर तोंड कोरडं पडायचं ना माझं."

मी काही बोलले नाही. पुढच्या पानावर फुल्यांऐवजी दोन उभ्या रेघा होत्या, कडव्यांच्या मधोमध.

"आणि या?"

"तो खोकला. लोकांचा." बाई हसल्या. "कडवं संपलं की सगळे एकदम खोकून घेतात, पाहिलंस का कधी? त्यात माझं खाकरणं मी उरकून घ्यायचे. ऐकू येतंय कुणाला."